साहेबांचं सुप्रभात

"दर वेळी मोबाइलवर कोड? हे कसलं लचांड?" मगदूम साहेबांनी नाक मुरडलं.

"हुद्दार आपली नोकरी सोडून दुसऱ्या पंप बनवणाऱ्या कंपनीत गेले, तरी जुन्या पासवर्डवर आपले दर घरबसल्या बघत होते, साहेब. म्हणून तर हे," शर्वरी म्हणाली. घरून काम करणाऱ्यांना ऑफिसशी सुरक्षित जोडणारे चार व्हीपीएन तपासून तिनं हेच निवडलं होतं. कोडशिवाय कंपनीच्या संगणकात चिटपाखरूही शिरलं नसतं.

साहेबांनी होकार दिला, पण सगळ्यांत मिळून एकच लॉगिन घेतलं आणि त्याला स्वतःचा मोबाइल जोडला. साऱ्या ऑफिसनं एकच टूथब्रश वापरावा, तसं शर्वरीला किळसवाणं वाटलं. "कोड मी देत जाईन," साहेब म्हणाले, "चावी माझ्या हातात."

सोमवारी सकाळी ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गुलाबाच्या फुलासह साहेबांचं सुप्रभात आलं. खाली पासवर्ड आणि कोड.

उष्ट्यावर माशी बसावी, तसा पहिला नमस्कार आला हुद्दारांचा.

शर्वरी तडक केबिनमध्ये गेली. "साहेब, त्यांना अजून ग्रुपमधून काढलं नाही?"

"असू दे हो. काढलं तर वाईट दिसतं. त्याच्या मुलाची मुंज तोंडावर आलीय."