एकतीस तिकिटं

पेशंटच्या उशाशी हृदयाचे ठोके दाखवणारा आमचा मॉनिटर महिन्यातून दोन-तीनदा कुठल्या ना कुठल्या हॉस्पिटलात अचानक गोठायचा. आमचा मिहिर पलासियाच्या ऑफिसातून फोनवर सांगायचा, "सिस्टरजी, एक बार बंद करके चालू कर लो." मॉनिटर चालू झाला की तक्रारीचं तिकीट क्लोज. तेवढ्या वेळात पेशंटचं काय झालं, हे विचारायची आमच्याकडे रीत नव्हती. वर्षभरात त्याने अशी एकतीस तिकिटं क्लोज केली.

मी पाच महिने त्या एका बगच्या मागे होते. मेमरीचं पान, म्हणजे मेमरीचा एक तुकडा, दुसरं कोणी वापरत नाही ना, हे मॉनिटरमधला एक प्रोसेसर आधी बघायचा आणि कुलूप नंतर लावायचा. कधीतरी नेमकं त्या मधल्या निमिषात दुसरा प्रोसेसर त्याच पानावर लिहायला घ्यायचा आणि सगळं गोठायचं. मार्चमध्ये मी कोडमधली कुलपाची ओळ उचलून दोन ओळी वर नेली. तेव्हापासून एकही मॉनिटर गोठलेला नाही.

आज माझ्या कामाचा रिव्ह्यू होता. आमचे मॅनेजर कानिटकरसर स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले, "पाच महिन्यांत एक तिकीट, निधी? जरा मिहिरकडे बघ."

"सर, त्याची एकतीस म्हणजे हाच एक बग होता." मी दात आवळून म्हटलं.

"पण क्लोज तर केली ना त्याने? अन् मार्चपासून बिचाऱ्याचे आकडेपण एकदम गिरलेत. तू काही बोललीस का त्याला?"