तिसऱ्या दिवसाचा उपाय

डॉक्टरबाईंनी कोरा कागद पुढे ओढला आणि त्याच्या तळाशी एक छोटा गोल काढला. "ही तुमची भिंगरी," त्या म्हणाल्या. "आता हिच्या वरची माणसं सांगा. पुरुषाला चौकोन, बाईला गोल."

भिंगरी आईच्या मांडीवर होती. सात वर्षांची पोर, एरवी पाय एका जागी ठरायचा नाही. आज डावा गुडघा सुजून टम्म झाला होता आणि अंगात ताप होता. दीड वर्षातली ही नववी खेप. चार डॉक्टर झाले, गुडघ्यातलं पाणी दोनदा काढून झालं, आणि प्रत्येकाच्या औषधाने गुण आला. म्हणजे पुढच्या खेपेपर्यंत.

"घरात आणखी कुणाचा सांधा असा सुजायचा का, लहानपणी?"

आईच्या माहेरी तसं कुणी नव्हतं. सासरचं तिला काय ठाऊक. तिने सासूकडे पाहिलं.

"आमच्याकडे सगळे ठणठणीत," आजी म्हणाली. "माझ्या लेकीचा सुजायचा, पण ती नाटकं. परीक्षा आली की सुजलाच. आपटून घेत असणार कुठेतरी."

"मग तुम्ही काय करायचात?"

आजी खुर्चीत सावरून बसली. हा उपाय ती वर्षभर सुनेला सांगत होती आणि सून काही मनावर घेत नव्हती. आज विचारणारं शिकलेलं माणूस भेटलं होतं. "दोन दिवस पडू द्यायचे. मीही आईच आहे. तिसऱ्या दिवशी मात्र दोन धपाटे आणि सरळ शाळा. रडत, लंगडत जायची. पण संध्याकाळी बघावं तर गुडघा जागेवर. एकदाही चुकलं नाही."

"दर वेळी तिसऱ्याच दिवशी?"

"दर वेळी."

"आता कुठे असतात त्या?"

"गेली. सव्वीस पुरी नव्हती झाली. मूत्रपिंडं निकामी झाली." आजीचा आवाज खाली आला. "पण त्याचा याच्याशी काय संबंध?"

बाईंनी वडिलांच्या चौकोनाशेजारी आणखी एक गोल काढला, हेच दुखणं होतं म्हणून तो पेनने पूर्ण भरला आणि माणूस गेलं म्हणून त्यावर तिरकी रेघ मारली. मग त्या आईशी बोलल्या. आजीकडे पाहणं त्यांनी टाळलं. हे दुखणं जन्माबरोबर आलेलं, थोडं आईकडून, थोडं बापाकडून. त्यांना स्वतःला त्याचा पत्ताही नसतो. ताप चढतो, सांधा सुजतो आणि दोन-तीन दिवसांत आपोआप ओसरतो. औषध द्या, नका देऊ. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते. वर्षानुवर्षं तसंच चालू दिलं तर मात्र ते मूत्रपिंडांवर जातं. रक्त तपासायला पाठवायचं होतं, पण बाईंना आता फारशी शंका उरली नव्हती. "रोज एक गोळी. जन्मभर घ्यावी लागेल. पण पोर मोठी होईल, म्हातारीसुद्धा होईल."

आईने पोरीच्या केसांत तोंड खुपसलं आणि ती रडू लागली. दीड वर्षात पहिल्यांदाच तिला कुणीतरी पुढचं काही सांगितलं होतं.

आजी कागदावरच्या काळ्या गोलाकडे बघत होती. "ही गोळी नवीन निघाली असेल," ती म्हणाली.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. हो म्हणणं सोपं होतं. "नाही आजी. जुनीच आहे."

आजीने त्या काळ्या गोलावर बोट ठेवलं. भिंगरीने विचारलं, "आजी, आत्याला खरंच दुखायचं?"

"हो गं," आजी म्हणाली. "सांगायची ती मला."