डाव्या हाताची पेटी

लकव्यानं उजवी मूठ आखडलेले जुळारी माणिकराव चौऱ्याहत्तरच्या दिवाळीनंतर वाशिमच्या छापखान्यात परतले, ते धास्तावूनच. मुठीत खिळे रचायची स्टिक अडकवून त्यांनी पोहरादेवीच्या यात्रेचं पत्रक जुळवायला घेतलं. डावा हात जुन्या सवयीनं शिशाच्या अक्षर-खिळ्यांच्या पेटीत उजवीकडं, कान्याच्या खणात गेला. बोटांत आला विसर्ग. “खिळे कोनं कालवले?” ते चिडले. “कालवले नाई भाऊ, फिरवले,” सोबत काम करणारी चंपाबाई म्हणाली. “डावीकडं पाहा.” रोज लागणारी सगळी अक्षरं त्यांच्या डाव्या हाताशी येऊन बसली होती. पण पेटी एकच. दुपारनंतर तिच्यावर चंपाबाईच जुळणी करायची. “आन तुह्या उजव्या हाताचं काय?” “तुमी तं येनारच. तुमी दवाखान्यात होते, तवाच फिरवले. मले आता सवय झाली.”  माणिकरावांनी डावा हात पुन्हा पुढं केला, या वेळी डावीकडं. काना आपणहून चिमटीत आला.