पंप धुवायची जागा

तळ्याच्या काठाला पाणकोंबडीची काळी पिल्लं मरून पडली होती. पाणकोंबडी एकेकाला चोचीने ढोसून उठवत होती. शिवांशला कडेवर घेऊन मंजुश्री बघतच राहिली.

सासू शिवम्माने ओंजळभर पाणी नाकाशी नेलं आणि झटकून टाकलं. "औषधाचा वास हाय की गं! कुण्या मुडद्यानं पंप धुतला हितं? त्याच्याबी लेकराला असंच..."

"आत्या, शाप नका देऊ!"

मंजुश्री एवढ्या जोरात ओरडली की शिवांश दचकून रडायला लागला.

"अगं बया, तुला कुठं म्हणून राहिले मी? तू का अंगावर घेऊन राहिलीस?"

मंजुश्रीने शिवांशचं डोकं पदराखाली घेतलं. पाणकोंबडी अजून ढोसतच होती. तिच्याकडे बघायचा मंजुश्रीला धीर होईना.

सोयाबीनची फवारणी झाली की शिवांशचे वडील रामलिंग दारातल्या नळावरच पंप धुवायचे. परवा तिनेच त्यांना अडवलं होतं, "इथं नको हो, लेकरू खेळतं इथं. तळ्यावर धुवून या."