कोरा ओढा

पडदा सरकला आणि टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले. चित्रात टेकडी होती, ओढा होता, काठावरची झाडं होती. पण सगळं नुसतं पेन्सिलीनं काढलेलं. रंगाचा एक ठिपका नव्हता.

"बाई, हे अर्धवट आहे," हॉटेलचे मालक हसून म्हणाले. हसणं पाहुण्यांसाठी होतं.

"हो ना. रंग कालवायला पाणीच नव्हतं," चित्रकार बाई म्हणाल्या.

हॉटेलचा मॅनेजर म्हणजे बाईंचाच मुलगा. चित्राचं काम त्यानंच आईला मिळवून दिलं होतं, आणि "आज तोंड आवर" असं सकाळी दोनदा बजावलंही होतं. आता तो भिंतीला टेकून स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

"नळाचं घ्यायचं!" मालक म्हणाले.

"नळाचं चालत नाही. ज्या जागेचं चित्र, त्याच जागेचं पाणी. या ओढ्याची साठ चित्रं काढलीत मी, एकातही नळाचा थेंब नाही." बाईंनी पिशवीतून बाटली काढून टेबलावर उपडी केली. पांढऱ्या कापडावर चिमूटभर वाळू पडली. "यंदा एवढंच मिळालं."

पाहुण्यांत पाटबंधारे खात्याचे साहेब होते. ओढा आपोआप आटला, असं मालकांनी त्यांनाच लिहून दिलं होतं. साहेबांनी वाळूकडे पाहिलं, मग काचेपलीकडे अंगणात उडणाऱ्या कारंज्याकडे.

मालकांचं डोकं फिरलं. एवढी मंडळी जमलेली, आणि ही म्हातारी आपल्या नेमाचं पुराण लावून बसली होती. "मग त्या कारंज्यातलं घ्या की! ते काय आभाळातून पडलंय? त्याच ओढ्याचं..."

वाक्य तोंडातच राहिलं. कुणीतरी खोकलं.

"त्याच ओढ्याचं," बाईंनी ते पूर्ण केलं. पोराची नोकरी आपण घालवतोय हे त्यांना कळत होतं. पण आता माघार नव्हती. "मग ते ओढ्यात सोडा. काठावर बसून रंग भरून देते. तोवर हे असंच राहील."

"मॅनेजर!" मालक ओरडले. "हे चित्र उतरव आणि आईला घरी सोडून ये."

मुलगा पुढे आला. चित्राला त्यानं हात लावला नाही. टेबलावरची बाटली उचलून आईच्या हातात दिली आणि खिशातून पंपाच्या खोलीची किल्ली काढली.

"आई, पंप बंद केला की ओढ्यात खालपर्यंत पाणी पोचायला तासभर लागेल," तो म्हणाला. "तू हो पुढे. ब्रश घेतलेस ना?"

आणि तो गेला. पाचेक मिनिटांनी काचेपलीकडचं कारंजं बुटकं होत होत थांबलं.