दुसरी बाटली

इस्पितळाच्या लॅबमध्ये रोग्यांच्या रक्तातले जंतू वाढवून ओळखायचे, हे माझं बावीस वर्षांचं काम. धाकट्या भावाचा ताप हटेना, तेव्हा त्याच्या रक्ताची बाटलीही मीच तपासायला घेतली.

चौथ्या दिवशी जंतू वाढवायच्या प्लेटवर टाचणीच्या टोकाएवढे करडे ठिपके उगवले. ओळखीचे नव्हते. कामाच्या रगाड्यात मी ठरवून टाकलं, हा बाहेरून शिरलेला कचरा असणार.

"ताई, काय निघालं गं?" त्यानं फोनवर विचारलं.

"काही नाही रे. तुझ्यासारख्या हट्ट्याच्या रक्तात जंतू तरी टिकेल का?"

तो खळखळून हसला. पाच दिवसांनी गेला. भावजयीनं मला एका शब्दानंही बोल लावला नाही, आणि तेच जास्त बोचत राहिलं.

प्लेट लॅबच्या फ्रिजमध्ये तशीच पडून होती. चार महिन्यांनी मन घट्ट करून मी ती भावाच्या नावानं मोठ्या लॅबकडे पाठवली.

आठवड्याभरानं तिथल्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "हा जंतू कुठल्याच यादीत नाही. नवी जात दिसतेय. पण औषधाला दाद देतोय. रुग्णाला आजच सुरू करा."

"तो गेला. चार महिने झाले."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"अहो, आज सकाळीच त्यांच्याच नावाची रक्ताची बाटली आलीये, वर 'दुसरी बाटली' लिहिलंय," त्या हळूच म्हणाल्या. "माझ्या हातात आहे. अजून कोमट लागतेय."