साहेबांसाठी तोरण

फळबागेच्या अनुदानासाठी पेठहून साहेब पाहणीला येणार म्हणून गेणूच्या घरी लगीनघाई होती. अंगण सारवलेलं, दाराला आंब्याच्या पानांचं तोरण. साहेबांना बाग दाखवत तो शेवटच्या कलमाशी पोचला आणि जागीच थबकला. कलमाची नुसती काठी उरली होती! आधीच काही कलमं वाळली होती. आणखी एक मेलेलं निघालं, तर अनुदान गेलंच! “अगं, काल तर हिरवंगार व्हतं हे!” तो बायकोवर ओरडला. “आजबी हाय,” लंकाबाई ऐटीत म्हणाली. “साहेबांना आपल्याच बागेतली पानं दिसावी म्हून तोरणाला तोडली!” साहेबांनी नखाने साल खरवडली, आत हिरवी ओल चमकली. “जिवंत आहे!” ते हसले. “पण फोटोत पानंही हवीत, मावशी.” लंकाबाई पळत तोरण आणून कलमाशेजारी उभी राहिली. “पुढच्या वर्षी तोरण नको हं,” साहेब म्हणाले. “तवा आंबेच बांधते, साहेब!”